आधी अंगठा बघा

मोघेकाकांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, अंगठा राहतो. माझ्या नवऱ्याला, शरदला, ते तीन वर्षांत चार वेळा पहिल्यांदा भेटले. दर वेळी "आपण कोण?" म्हणून हात पुढे करायचे, शरदचा हात हातात आला की खाली बघायचे आणि चेहरा खुलवून म्हणायचे, "अरे, तू होय! नखाला खाच असलेला!" शरद घरी येऊन धुसफुसायचा. "यार, दोन डिग्र्या घेतल्या, सात समुद्र ओलांडले, आणि या माणसाच्या लेखी मी कोण, तर नखाला खाच!"

त्यांची माझी पहिली भेट झाली ती मात्र कोथिंबिरीमुळे. १९८४ साली आम्ही ईडन प्रेरीत नवीन होतो. मिनेसोटातला तो माझा पहिला महिना. दुकानात हिरव्यागार जुड्या दिसल्या, जीव हरखला, चार उचलून कार्टात टाकल्या. तेवढ्यात मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "ती कोथिंबीर नव्हे."

मी दचकून वळले. टक्कल, जाड चष्मा, लोकरी टोपी खिशात कोंबलेली, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी मापं घ्यायचा स्टीलचा कॅलिपर.

"कोथिंबीरच आहे," मी म्हणाले. नागपूरची आहे मी, इतक्यात माघार घेत नाही.

"सारखं दिसतं म्हणजे सारखं असतं का? चुरगळा. वास घ्या." मी चुरगळलं. वास येतो कुठला, गवत खुडल्यासारखं काहीतरी. "पार्सली," गृहस्थ म्हणाले. "कोथिंबीर तिकडे, टोमॅटोच्या पलीकडे, कोपऱ्यात. इथे येणारी प्रत्येक मराठी बाई पहिल्या महिन्यात पार्सलीची चटणी करते आणि नवऱ्याला म्हणते, अमेरिकेच्या मातीलाच चव नाही. बघू हात." आणि भर दुकानात माझा अंगठा धरून कॅलिपरने मोजला. "अठ्ठावन्न मिलिमीटर. छान आहे." एवढं बोलून स्वारी दुधाच्या दिशेने चालती झाली. मी अंगठा वर धरून तशीच उभी! शेजारच्या गोऱ्या बाईला वाटलं, मी तिला शाबासकी देतेय. तिनेही उलट दिली.

पुढे कळलं की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायका काकांना ज्योतिषी समजत होत्या. मंडळाच्या पिकनिकला बटाटेवडे झाले की त्यांच्यासमोर हात पसरून रांग लागायची. काका बिचारे खूश. इतक्या लोकांना मोजमापात गोडी आहे या विचाराने त्यांना भरून यायचं. एकदा परांजपेवहिनींनी लाजत विचारलं, "काका, पुढे काय दिसतंय?"

"पुढे नख दिसतंय."

"तसं नव्हे हो. योग वगैरे? परदेशगमन?"

काकांनी चष्म्यावरून तलावाकडे, बदकांकडे आणि हॉटडॉग खाणाऱ्या परांजप्यांकडे पाहिलं. "परदेशगमन झालेलं दिसतंय," ते म्हणाले. वहिनी मात्र घरी जाऊन सांगत सुटल्या की काकांनी अगदी बरोबर ओळखलं.

तर हे काका करायचे काय? आठवडाभर एका कारखान्यात कानाला लावायची यंत्रं तपासायचे. बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून बनवलेली, शेंगदाण्याएवढी. आणि शनिवार उजाडला की डबा घेऊन विद्यापीठाच्या म्युझियमच्या तळघरात जायचे आणि मेलेल्या वटवाघळांचे अंगठे मोजायचे. पगार नाही, पद नाही. विचारलं तर म्हणायचे, "कोणीतरी मोजायला हवं."

बरं, मिनेसोटात वटवाघळं काय कमी आहेत? पण नाही, काकांना इथल्यांचं कौतुक नाही. माणूस मूळचा चिपळूणचा, राहणार अमेरिकेत आणि ध्यास युरोपातल्या वटवाघळांचा! त्यातही सगळ्या युरोपाचा नव्हे, फक्त दोघांचा. लांब कानांच्या दोन जाती. शरीर अंगठ्याएवढं, कान जवळजवळ शरीराएवढे, झोपताना कान पंखाखाली दुमडून घेतात. एक तपकिरी, एक करडं. प्लेकोटस ऑरिटस आणि प्लेकोटस ऑस्ट्रिअकस. काका ही नावं आत्येभावांची घ्यावीत तशी घ्यायचे.

गंमत अशी, की ही दोन वेगळी आहेत हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात यायलाच फार वेळ लागला. तोवर इंग्लंडात सगळ्यांना सरसकट तपकिरीच म्हणत. त्यामुळे जुन्या म्युझियममध्ये दोघं एकाच ड्रॉवरमध्ये, एकाच नावाची चिठ्ठी पायाला बांधून, वर्षानुवर्षं शेजारी शेजारी पडलेली. रंगावर जावं, तर रंग उडालेला. मग काय करायचं? आधी अंगठा बघायचा. पंखाच्या वरच्या वळणावर त्यांना एक चिमुकला अंगठा असतो. सहा मिलिमीटरच्या वर गेला तर तपकिरी, आत राहिला तर बहुधा करडं. मग कानातली उभी पाकळी मोजून खात्री करायची. आता कळलं का, ती सवय माणसांच्या अंगठ्यापर्यंत कशी पोचली?

हे सगळं मंडळाला कळलं गणेशोत्सवात. काकांनी मागे लागून लागून दहा मिनिटं मिळवली होती. मुलांची वेशभूषा आणि आरती यांच्या मधली, म्हणजे ज्या वेळात बायका प्रसादाच्या वाट्या भरतात आणि पुरुष पार्किंगमध्ये उभे असतात ती. स्लाइड प्रोजेक्टर स्वतःचा आणला होता. पडद्यावर एकदम एक कानाड्या वटवाघळाचा भलामोठा चेहरा उमटला आणि झाशीची राणी झालेली माझी मुलगी मानसी किंचाळली, "ईऽऽ! दॅट्स सो ग्रोस!"

"डू दे सक ब्लड?" टिळक झालेल्या परांजप्यांच्या मुलाने विचारलं.

"नो," काका म्हणाले. "दे ईट मॉथ्स. पतंग. तुझ्या लोकरी कोटाला भोकं पाडणाऱ्यांचे पण नातेवाईक खातात. थँक यू म्हण त्यांना."

"थँक यू," टिळक म्हणाले.

मग काका रंगात आले. तपकिरी जंगलात, झाडाच्या पोकळीत, माळ्यावर, कुठेही राहतं, जवळजवळ सगळ्या युरोपात आहे. करडं उबेचं भुकेलं. त्याला दक्षिणेकडची ऊन खाणारी गावं, जुनी घरं, आसपास गवताची कुरणं लागतात. इंग्लंडात तर फक्त दक्षिण किनाऱ्यालगत, तेही थोडंथोडकं. कुरणं नांगरली, माळ्यांवर लाकडाला औषधं मारली, की ते संपतं. आता तिकडे कायद्याने दोघांनाही मारायला बंदी आहे. "पण मला सांगा," काकांचा आवाज चढला, "दोघांना एकच नाव दिलंत, तर मोजणार कोणाला? तपकिरी दिसतंय, म्हणजे सगळं ठीक आहे म्हणणार. आणि करडं गेलं तरी कोणाला पत्ता नाही! सारखं दिसतं म्हणजे सारखं असतं का?"

मागून वाट्यांचा आवाज. मग आमचे अध्यक्ष परांजपे आभार मानायला उठले. ते पार्किंगमधून नुकतेच आत आले होते. "मोघे साहेबांनी अतिशय उद्बोधक माहिती दिली. एकंदरीत काय, वटवाघळं मजेत आहेत! आता आरती."

काकांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, आणि हसताना वाईटही वाटलं. गाढवाला गुळाची चव काय! आरतीत ते टाळ वाजवत होते, पण ताल चुकवून. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "काका, मला कळलं हो. करडं मजेत नाही."

त्यांनी टाळ थांबवले. "तुझं अक्षर कसं आहे?" त्यांनी विचारलं.

माझं अक्षर सुरेख आहे. सांगायला संकोच कसला? माझे बाबा अकोल्याला ड्रॉइंग मास्तर होते, पट्टी हातात घेऊन अक्षर वळवलंय. व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती, घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली होती. आणि काकांना नेमकं अक्षरच हवं होतं. झालं होतं असं, की ते म्युझियम परदेशी प्राणी काढून टाकत होतं. लांबकान्यांचा ड्रॉवर पुढच्या ऑगस्टअखेर पूर्वेकडच्या एका मोठ्या म्युझियमला जाणार होता. अट एकच. प्रत्येकाच्या पायाला नवीन, वाचता येईल अशी, पूर्ण भरलेली चिठ्ठी हवी. जात, गाव, तारीख, माप, गोळा करणाऱ्याचं नाव. ज्याची चिठ्ठी अपुरी, ते कचऱ्यात. तिथल्या मुख्य बाई लिंडा. मी त्यांना लिंडाबाई म्हणते. त्यांनी काकांना स्वच्छ सांगितलं होतं, "तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दुसरं कोणीतरी आणा."

अशी मी दर शनिवारी त्या तळघरात जाऊ लागले. काका मोजायचे, मी लिहायचे. एकूण त्रेसष्ट. फ्रान्स, स्पेन, इंग्लंड, कुठकुठली. पहिल्या दिवशी मला कसंसंच झालं, सुपारीएवढी तोंडं आणि ते कान. पण महिन्याभरात मी डब्यातली थालीपीठं खात खात त्यांच्याविषयी बोलायला लागले. काकांचं काम विलक्षण. प्रत्येकाला उचलताना हलकेच "या" म्हणायचे, ठेवताना "बसा". एकदा मी विचारलं, "मेलेल्याला अहोजाहो कशाला?" तर म्हणाले, "वयाने मोठी आहेत. काही तर पहिल्या महायुद्धाच्या आधीची."

एकेक होत गेलं. तपकिऱ्यांचं खोकं भरत आलं. करड्यांचं निम्मंही नव्हतं. पण एक वटवाघूळ तसंच राहत होतं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात, कापसात, बाकीच्यांपेक्षा नवं. त्याच्या जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'इंग्लंड' होतं. मी हात घातला की काका म्हणायचे, "ते शेवटी."

"का?"

"घाई करू नये."

जानेवारीत शेवटी, मार्चात शेवटी, जूनमध्येही शेवटीच. बाकी सगळं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत नेटकं करणारा माणूस एका वटवाघळापाशी येऊन चक्क टंगळमंगळ करतोय! मला नसत्या चौकशा करायची खोड, पण मी जेवढं खोदून विचारावं तेवढे ते लोणच्याची तारीफ करायचे. लिंडाबाईंनीही दोनदा बजावलं, "मिस्टर मोघे, दॅट वन हॅज नो नेम. नो नेम, नो ट्रिप."

आणि जुलैत आमच्याच घरी तमाशा झाला.

आमच्या माळ्यावर खुडबूड व्हायची. एका संध्याकाळी जेवताना झुंबराभोवती एक वटवाघूळ घिरट्या घालायला लागलं. मानसी टेबलाखाली, शरद खुर्चीवर, हातात झारा. मी काकांना फोन केला. दहा मिनिटांत आले. हातात जाड हातमोजे, काखेत रिकामा आइस्क्रीमचा डबा आणि पुठ्ठा. दिवे बंद करायला लावले, ते भिंतीवर टेकायची वाट बघितली, डबा वर ठेवला, मागून पुठ्ठा सरकवला, अंगणात नेऊन सोडलं. सारा कारभार पोळी लाटावी तसा. "इथलंच आहे, नेहमीचं," जरासे निराश होऊन म्हणाले. "माळ्यावर आया आहेत, पिलांसकट. ऑगस्टात पिलं उडायला लागली की भोक बुजवू. तोवर राहू द्या."

"काका, तोवर कशाला?" शरद म्हणाला. "आय ऑलरेडी कॉल्ड अ गाय. शुक्रवारी येऊन स्प्रे मारतोय. एका तासात सगळं क्लीन."

काकांनी हातमोजे घडी करून खिशात घातले आणि ते गेले.

शुक्रवारी सकाळी त्या स्प्रेवाल्याचा ट्रक आला, तर आमच्या ड्राइव्हवेच्या मधोमध मोघेकाका उभे! कारखान्याला दांडी मारून, टाय लावून. ट्रकवाला भोंगा वाजवतोय, मी गाऊनवर बाहेर धावले, समोरची म्हातारी पडद्याआडून बघतेय. शरद म्हणाला, "काका, प्लीज, बाजूला व्हा. शेवटी वटवाघळंच ती! सगळीकडे भरपूर आहेत."

"तुला काय माहीत?" काका ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी फक्त त्या स्लाइड्सच्या वेळी ऐकला होता. हा तसला नव्हता, हा फाटला होता. "मोजलीस? अं? वर जाऊन बघितलंस एकदा तरी? न बघता औषध मारणार? घरातलं माणूस नको म्हणत असेल तर?"

"घरातलं कोण नको म्हणतंय?" शरदने माझ्याकडे बघितलं.

मी तर अजिबात काही म्हणाले नव्हते. खरं सांगायचं तर मलाही ती खुडबूड नको होती. पण काका ट्रकसमोरून हलेनात, ते मला बघवेना. "मी म्हणतेय," मी म्हणाले. "कॅन्सल कर."

शरदने कॅन्सल केलं. वर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला. काका त्याच संध्याकाळी माफी मागायला आले, शरदसाठी पेरूंची पिशवी घेऊन. मिनेसोटात पेरू! कुठून पैदा केले देव जाणे. ऑगस्टात आया, पिलं सगळी उडाली, काकांनी शिडीवर चढून जाळी ठोकली. शरदने शिडी धरली. पण 'घरातलं माणूस' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार आला. बासष्ट चिठ्ठ्या बांधून तयार. चार वाजता खोकी सीलबंद होणार होती. तीन वाजले, तरी काका तपकिऱ्यांची रांग पुन्हा पुन्हा सरळ करत बसलेले. शेवटी लिंडाबाई स्वतः कचऱ्याचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाई दुष्ट नाही, नियमाची आहे. "लास्ट वन, मिस्टर मोघे. इन ऑर आउट?"

"फिफ्टीन मिनिट्स," मी मधेच म्हणाले आणि दार लोटून घेतलं. "काका, बस्स झालं. आता सांगणार आहात की नाही? हे तुमचं कोण लागतं?"

काकांनी ते कापसासकट तळहातावर घेतलं. "हे आमच्या घरातलं आहे," ते म्हणाले.

अमेरिकेत यायच्या आधी ते इंग्लंडात होते, हे आम्हाला ठाऊक होतं. बायको तिकडेच वारली, हेही उडत उडत ऐकलं होतं. आम्ही कधी पुढे विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. दक्षिण किनाऱ्यापासून जवळ, डोंगरउतारावर जुनं घर भाड्याने घेतलं होतं. माळ्यावर वीस-पंचवीस लांबकानी. काकूंना त्यांचं भारी वेड. दिवेलागणीला चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसायच्या आणि एकेक बाहेर पडताना मोजायच्या. नवीन देश, भाषा येत नाही, शेजारीण कोणी नाही, तेवढीच सोबत.

"मालकाला लाकडाची कीड मारायला औषध फवारायचं होतं," काका म्हणाले. "मला विचारलं. मी म्हणालो, मारा. ही म्हणाली, नको हो, थांबा, ही वेगळी दिसतात. चर्चमधल्या वटवाघळांपेक्षा यांची तोंडं काळी आहेत. मी म्हणालो, तुला काय कळतंय? सगळी सारखीच. भरपूर आहेत सगळीकडे." त्यांनी तळहातावरचा कापूस नीट केला. "औषध मारल्यावर दोन दिवस ती खाली पडत होती. हिने एक उचललं, रुमालात गुंडाळलं, चहाच्या डब्यात ठेवलं. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, सगळं नीट झालं. पण त्या पायरीवर ती पुन्हा बसली नाही गं. पुढच्या हिवाळ्यानंतर आजारीच पडली, आणि गेली."

काकांनी कॅलिपर माझ्यापुढे धरला. "माझा हात स्थिर नाही. तू मोज."

मी मोजलं. वर्षभर बघत होते, हात बसला होता. पाच पूर्णांक चार. पाकळीही मोजली. करडंच, शंका नव्हती.

खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे. सासूबाईंशी, शरदशी, व्हिसा ऑफिसातल्या बाईशीसुद्धा. पण इतक्या मनापासून कधी बोलले नव्हते. "सहा पूर्णांक तीन," मी म्हणाले. "तपकिरी आहे, काका. साधं, नेहमीचं. तिकडे भरपूर असतात तसलं. तुम्ही काही संपवलं नाहीत."

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला.

"पाच पूर्णांक चार, नीला," ते हळूच म्हणाले. "या म्युझियममध्ये मी आलो, चहाच्या डब्यातून काढून याला ड्रॉवरमध्ये ठेवलं, त्या पहिल्याच शनिवारी मोजलंय. लिहायचा धीर झाला नाही, एवढंच. लिहिलं की ती बरोबर होती हे कायमचं झालं, आणि तिला सांगायला ती नाही." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू चांगली पोर आहेस. पण एकदा मी तिचं ऐकलं नाही. आता चिठ्ठीवर तरी खोटं नको."

मी पेन घेतला. प्लेकोटस ऑस्ट्रिअकस. डोळ्यांत पाणी येत होतं, तरी अक्षर बिघडू दिलं नाही. गाव लिहिलं, तारीख त्यांनी तोंडपाठ सांगितली, माप लिहिलं. मग गोळा करणाऱ्याच्या नावाची ओळ आली.

"इथे तुमचं नाव ना, काका?"

"माझं कशाला? मी मारलं. उचललं तिने."

मी पेन धरून थांबले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत मी या माणसाच्या तोंडून बायकोचं नाव ऐकलेलंच नाही. 'ही', 'घरातलं माणूस', एवढंच. जुन्या पिढीची रीत ती. बायकोचं नाव घ्यायचं ते लग्नात एकदा, लोकांनी अडवून धरलं की. काकाही अडखळले. दाराबाहेर लिंडाबाईंच्या चपला वाजल्या.

"शालिनी," ते म्हणाले. मग मान ताठ करून, कारखान्यात नोंद करताना सांगावं तसं, "शालिनी विनायक मोघे."

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, दोरा पायाला बांधला आणि करड्यांच्या खोक्यात जागा करून ते ठेवलं. लिंडाबाई आत आल्या, चिठ्ठी बघितली, मान डोलावली आणि रिकामा कचऱ्याचा डबा घेऊन निघून गेल्या.

झाकण लावायला मी हात पुढे केला तर काकांनी थांबवलं.

"एकदा वाचून दाखव," ते म्हणाले.

मी वाचलं. जात, गाव, तारीख, माप, नाव.

"पुन्हा," ते म्हणाले. "नुसती शेवटची ओळ."